पहिली नोंद कोणाची?

आंब्याचा मोसम आला की ऑनलाइन विक्रीच्या पानांवर ‘अस्सल देवगड’ची गर्दी होते. ‘ब्लॉकचेनवर पडताळलेला माल’ असा बिल्लाही आता अधूनमधून दिसू लागला आहे. क्यूआर कोड मोबाइलने स्कॅन करायचा की बाग, तोडणीची तारीख, पॅकिंग, वाहतूक असा मालाचा सगळा प्रवास समोर. गिऱ्हाईक निर्धास्त होतं आणि डझनामागे चार पैसे जास्तही मोजतं.

या तंत्राचा गाजलेला प्रयोगही आंब्यावरच झाला. वॉलमार्टने आयबीएमच्या मदतीने तो केला. दुकानातल्या चिरलेल्या आंब्याचं पाकीट कुठून आलं, हे जुन्या पद्धतीने शोधायला जवळपास सात दिवस लागले होते. ब्लॉकचेनवर तेच उत्तर २.२ सेकंदांत मिळालं. विषबाधेच्या वेळी नेमका कोणता माल परत मागवायचा हे इतक्या झटपट कळणं ही मोठी गोष्ट आहे, यात शंका नाही.

पण ब्लॉकचेन, म्हणजे नोंदींची ही डिजिटल साखळी, हमी देते ती एवढीच, की एकदा केलेली नोंद मागाहून कोणाला गुपचूप बदलता येत नाही. पहिली नोंद खरी होती का, हे तिला कळत नाही. ती नोंद माणूसच करतो. कर्नाटकातला आंबा कोकणातल्या हापूसच्या नावाने विकला जातो, ही बागायतदारांची जुनी तक्रार आहे. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तरी ती मिटलेली नाही. ही लबाडी पेटी भरतानाच होते. तिथेच खोटं नाव टाकलं, तर पुढची सगळी साखळी ते खोटं इमानेइतबारे जपून ठेवील.

म्हणून मला देवगडच्या बागायतदारांच्या सहकारी संस्थेचा उपाय जास्त पटतो. २०२५च्या मोसमापासून त्यांनी फळावर स्वतंत्र क्रमांकाचा स्टिकर लावायला घेतला आणि बागायतदाराला स्टिकर किती द्यायचे, हे त्याच्या झाडांच्या संख्येशी बांधलं. झाडं मोजता येतात. बाहेरचा माल खपवायला निघालेल्याला स्टिकर तरी कुठून पुरणार? पहिल्या नोंदीला लगाम घालायचा तो असा, बागेत.

आता कायद्याकडे वळू. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम २०२० मधल्या सातव्या नियमात एक फार मोलाची तरतूद आहे: मालाच्या अस्सलपणाची उघड किंवा अप्रत्यक्ष ग्वाही देणाऱ्या कंपनीवर त्याबद्दलची जबाबदारी येते. मात्र हा नियम स्वतःचा साठा विकणाऱ्या कंपन्यांपुरता आहे. दुसऱ्यांचा माल आपल्या पानावर मांडणाऱ्या बाजारमंचांसाठी पाचवा नियम आहे आणि त्यात हे वाक्य नाही. या बाबतीत विक्रेत्याकडून वर्णन खरं असल्याची हमी लिहून घ्या, एवढ्यावर तो थांबतो. म्हणजे ‘पडताळलेला’ हा बिल्ला मिरवायचा मंचाने, त्या जोरावर विक्री वाढवायची मंचाने आणि माल खोटा निघाला की बोट दाखवायचं विक्रेत्याकडे. हे मला अजिबात मान्य नाही.

‘आम्ही फक्त जागा देतो’ ही सबब केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने एकदा फेटाळलेली आहे. सक्तीची मानकं न पाळणारे प्रेशर कुकर विकले गेले, म्हणून २०२२ मध्ये त्याने ॲमेझॉनला एक लाख रुपयांचा दंड केला आणि २,२६५ कुकर परत मागवून ग्राहकांचे पैसे द्यायला सांगितलं. प्रत्येक विक्रीतून कमाई करता, तर अंग कसं काढता, हा त्या आदेशाचा रोख होता. सातव्या नियमातलं ते वाक्य पाचव्यातही घाला, ही माझी मागणी याच न्यायाची आहे. जोडीला, पहिली नोंद कोणी केली आणि माल प्रत्यक्ष पाहून केली की नुसत्या कागदांवरून, हे बिल्ल्याशेजारीच छापणं सक्तीचं करा.

तोवर खरेदी करतानाच बिल्ल्यासकट त्या पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. साखळीतली नोंद बदलत नसली, तरी विक्रीचं पान रातोरात बदलतं. फसवणूक झालीच, तर ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर फोन करा. तिथे दाद लागली नाही, तर २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते. विक्रेता दिल्लीत आहे की बंगळुरूत, याने काही अडत नाही. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्कही लागत नाही.