भूकंपाच्या देशी जाण्यापूर्वी

आमच्या शेजारच्या वहिनी येत्या चैत्रात जपानला निघाल्या आहेत. धाकटे दीर टोकियोत नोकरीस आहेत, साकुराचा बहर पाहायचा आहे. बरोबर यजमान, सासूबाई आणि दोन मुले. परवा त्या यादी घेऊन माझ्याकडे आल्या. स्वेटर किती घ्यावेत, मेतकूट न्यावे का, शाकाहारी माणसाची सोय होते का, असे सारे विचारून झाले. तोवर गप्प बसलेल्या सासूबाई हळूच म्हणाल्या, "तिकडे म्हणे धरणी सारखी हलते. तशी ती हललीच, तर आम्ही काय करायचे?"

यादीतला खरा प्रश्न हाच होता, आणि तो यादीत नव्हता. या महिन्याचे हे पान त्याच्या उत्तरासाठी.

आम्हा बडोदेकरांना हा प्रश्न अगदीच परका नाही. २६ जानेवारी २००१ रोजी सकाळी पावणेनऊच्या सुमारास कच्छची भूमी हादरली, तेव्हा आमच्या घराच्या भिंतीही हलल्या. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहत होतो. यजमान मुलाला उचलून जिन्याने धावले. मी सासूबाईंना आणण्यास देवघराकडे वळले. त्या मला शोधीत स्वयंपाकघरात गेल्या होत्या. आम्ही खाली दिसेनात, म्हणून यजमान मुलाला शेजाऱ्यांच्या हाती देऊन पुन्हा वर निघाले. इमारत उभी राहिली, म्हणून ही हकीकत आज हसत सांगता येते. त्याच सकाळी अहमदाबादेत अनेक उंच इमारती कोसळल्या. तेथे असे एकमेकांना शोधणे कितीजणांना भोवले असेल, हा विचार माझ्या मनातून अद्याप गेलेला नाही.

जपानच्या ईशान्येकडील सानरिकू किनाऱ्यावर 'त्सुनामी तेंदेन्को' असे एक वचन सांगतात. त्सुनामी आली की ज्याने त्याने आपापले पळावे, असा त्याचा भावार्थ. १८९६ च्या त्सुनामीत या किनाऱ्यावर सुमारे २२ हजार माणसे गेली. एकमेकांसाठी थांबता थांबता, एकमेकांना शोधता शोधता घरेच्या घरे बुडाली. त्या दुःखातून हे शहाणपण आले. आपल्या एकत्र कुटुंबाच्या संस्कारात वाढलेल्या मनाला ते निष्ठुर वाटते. आईने लेकराला टाकून पळावे की काय? परंतु त्याचा आशय तसा नाही. कोणी कोठे जायचे आणि कोणाला कोणी न्यायचे हे घरात आधीच ठरलेले असावे. म्हणजे 'आपली माणसे निघालीच असतील' या भरवशावर प्रत्येकाला पाऊल उचलता येते, आणि कोणाला शोधण्यासाठी कोणी मागे फिरत नाही.

११ मार्च २०११ रोजी दुपारी २ वाजून ४६ मिनिटांनी ९.० तीव्रतेचा भूकंप झाला, तेव्हा या वचनाची परीक्षा झाली. कामाइशी शहराच्या उनोसुमाई भागातील माध्यमिक शाळेची मुले उंच जागेकडे धावत सुटली. त्यांना पाहून शेजारच्या प्राथमिक शाळेची मुलेही निघाली. मोठ्यांनी धाकट्यांचे हात धरले. ठरलेली जागा पुरेशी सुरक्षित वाटेना, तेव्हा ती आणखी वर गेली. त्या दोन्ही शाळांत त्या वेळी हजर असलेली सर्व मुले वाचली. त्याच दिवशी इशिनोमाकीच्या ओकावा प्राथमिक शाळेत मुले मैदानात थांबून राहिली. शाळेमागे डोंगर होता. परंतु कोठे जावे याचा निर्णय मोठ्यांकडून वेळेत झाला नाही. सुमारे ५० मिनिटांनी पाणी आले. ७४ मुले व १० शिक्षक-कर्मचारी त्यात गेले.

म्हणून माझे सांगणे एवढेच, की निर्णय घरून करून निघावे. प्रस्थानापूर्वी एका संध्याकाळी सर्वांनी एकत्र बसावे. मुलांबरोबर कोण, आजींबरोबर कोण, हे नाव घेऊन ठरवावे. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना टेकडी चढवणे कठीण. तेव्हा समुद्रकाठी राहण्याचा मोह टाळावा, किंवा निवासापासून उंच जागा किती दूर आहे हे आधी पाहावे. किनाऱ्यावरील अनेक गावांत त्सुनामीच्या वेळी आश्रय घेण्यासाठी मजबूत उंच इमारती नेमलेल्या असतात व तशा खुणेच्या पाट्याही असतात. पोचल्या दिवशीच त्या मुलांकडून शोधून घ्याव्यात. त्यांना तो खेळ वाटेल.

आता प्रत्यक्ष हादऱ्याविषयी. आपल्याकडे भूकंप म्हटला की बाहेर धावण्याची सवय आहे. जपानमधील नव्या इमारती भूकंपाचा विचार करून कडक नियमांनी बांधलेल्या असतात; तेथे बाहेर धावणाऱ्यावर काचा, पाट्या, कौले कोसळण्याचे भय अधिक. म्हणून हादरे थांबेपर्यंत टेबलाखाली शिरावे, डोके झाकावे. लिफ्टमध्ये असाल तर सर्व मजल्यांची बटणे दाबून, ती जेथे थांबेल तेथे उतरावे. रात्री निजताना पादत्राणे पलंगाशेजारी ठेवावीत, कारण फुटलेल्या काचेवर अनवाणी चालवत नाही. तेथील हॉटेलांत पलंगाजवळ बहुधा विजेरी असते. ती कोठे आहे हे दिवा मालवण्यापूर्वी पाहावे.

भूकंपाच्या लहरींपैकी पहिली वेगवान पण सौम्य, आणि दुसरी सावकाश येणारी पण घातक. पहिली यंत्रांनी टिपताच दुसरीची वर्दी देण्याची व्यवस्था जपानने २००७ पासून जनतेसाठी चालू केली आहे. अवधी मिळतो तो काही सेकंदांचा. केंद्र जवळ असल्यास तेवढाही नाही. परदेशी प्रवाशांसाठी 'सेफ्टी टिप्स' नावाचे अ‍ॅप आहे, त्यावर इंग्रजीतही सूचना येतात. ते इथूनच मोबाइलमध्ये घालून न्यावे.

समुद्रकाठी असताना जोराचा किंवा लांबलेला हादरा बसला, तर भोंग्याची वाट पाहू नये. चालत उंच जागी जावे. किनाऱ्यावर लाल-पांढऱ्या चौकड्यांचे निशाण हलवलेले दिसले, तर तो त्सुनामीचा इशारा समजावा. २०२० पासून ही खूण ठरली आहे. लाटा एकामागून एक येतात आणि पहिली सर्वांत मोठी असतेच असे नाही. इशारा उठेपर्यंत खाली येऊ नये, छायाचित्रासाठी तर मुळीच नाही.

आणि सामान? १ जानेवारी २०२४ रोजी, ऐन नववर्षदिनी, नोतो द्वीपकल्पात मोठा भूकंप झाला. दुसऱ्या दिवशी तेथे मदत नेण्यासाठी निघालेल्या तटरक्षक दलाच्या विमानाची हानेदा विमानतळाच्या धावपट्टीवर एका उतरत्या प्रवासी विमानाशी टक्कर झाली. तटरक्षक दलाचे पाचजण दगावले. प्रवासी विमान पेटले. परंतु त्यातील सर्व ३७९ जण बाहेर पडले, कारण सेवकवर्गाचे ऐकून त्यांनी पिशव्या मागेच सोडल्या. साड्या, कॅमेरा, खरेदी हे सारे पुन्हा मिळते. पासपोर्ट, औषधे व थोडा कोरडा खाऊ एवढेच एका लहान पिशवीत, अंगावर सहज घेता येईल असे ठेवावे. ११० पोलिसांचा, ११९ अग्निशामक व रुग्णवाहिकेचा, हे दोन क्रमांक मुलांनाही पाठ असावेत. मोठ्या आपत्तीनंतर फोन लागणे कठीण होते. म्हणून बडोद्यातील एकाच नातेवाइकाला प्रत्येकाने छोटा निरोप धाडावा, आणि इतरांनी त्यांच्याकडेच चौकशी करावी.

काल वहिनींच्या घरी ही बैठक झाली. यजमानांनी आईबरोबर राहायचे, वहिनींनी मुलांना घेऊन निघायचे, असे ठरले. त्यावर सासूबाई सुनेला म्हणाल्या, "तू मुलांचे हात धरायचेस आणि आम्हां दोघांसाठी मागे वळायचे नाहीस. हो म्हण."

वहिनींना 'हो' म्हणायला बराच वेळ लागला. पण त्या म्हणाल्या. मग मेतकुटाची पुडी पिशवीत गेली. त्यांचा प्रवास सुखाचा होवो.