अव्वाची भाषा कुठल्या चॅनेलवर लागते?

दरवर्षी 15 ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिनाला, पाहुणे यायचे आणि एकच भाषण करून जायचे. टीव्ही बंद करा, मोबाइल ठेवा, पुस्तक उघडा. आम्ही टाळ्या वाजवायचो. तेच भाषण आता मला कुणाच्या ना कुणाच्या स्टेटसवर दिसतं, म्हणजे मोबाइलवरच. या भाषणाशी माझं भांडण आहे, कारण आमच्या घराला ते लागूच पडत नाही.

आमचं घर अक्कलकोटला. आजीला आम्ही अव्वा म्हणतो. अव्वाला वाचता येत नाही. गुरुवारी काकू स्वामी चरित्र सारामृताचा अध्याय मोठ्यानं वाचते, अव्वा ऐकते. 2020च्या डिसेंबरात स्वामींवरची मालिका सुरू झाली, तेव्हापासून टीव्हीसमोरही ती तशीच बसते. डोक्यावर पदर, हात जोडलेले. पोथी असो की पडदा, मधेच ती 'हौदु, हौदु' म्हणत मान डोलावते. एकदा तर तिनं पडद्यावरच्या स्वामींनाच विचारलं, 'ऊटा आतेन?' जेवण झालं का? यातला एक संस्कार आणि दुसरा टाइमपास, हे अव्वाला कोण समजावणार?

पुस्तक चांगलं की टीव्ही वाईट, हा वाद मला म्हणूनच पोकळ वाटतो. खरा प्रश्न असा आहे की या दोन्हींत अव्वा कुठे आहे?

अक्कलकोट हा कर्नाटकाला टेकलेला तालुका. आमच्या बाजारात एका सौद्यात मराठी, कानडी आणि दखनी येऊन जातात, कुणाला त्याचं काही वाटत नाही. पण मी शाळेत वाचलेल्या धड्यांत आणि टीव्हीवर पाहिलेल्या मालिकांत अव्वासारखं बोलणारं माणूस क्वचितच भेटलं. भेटलंच तर हसवायला.

पु. ल. देशपांड्यांनी 'गणगोत'मध्ये बेळगावच्या रावसाहेबांचं व्यक्तिचित्र लिहिलंय. जीव लावून लिहिलंय, मलाही आवडतं. पण मी पुण्यात शिकायला गेलो आणि मेसमध्ये 'चहा झाली का?' म्हणालो, तेव्हा 'आले रावसाहेब!' म्हणून सगळं टेबल हसलं. त्या पोरांनी पुलंचा जिव्हाळा घेतलाच नव्हता, फक्त उच्चार उचलले होते.

गोष्ट साधी आहे. कानडीत निर्जीव वस्तूंना पुल्लिंग-स्त्रीलिंग नसतं. चहा, भाकरी, रस्ता, सगळं एकाच लिंगात. त्यामुळे कानडी घरातला माणूस मराठी बोलताना 'झाला' की 'झाली' इथे अडखळतो. यामागे व्याकरण आहे, अक्कल कमी असणं नाही. पण हे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही. पुढची दोन वर्षं मी तोंड उघडण्याआधी प्रत्येक शब्दाचं लिंग मनात तपासायचो. अव्वाचा फोन आला की गॅलरीच्या टोकाला जायचो, कुणाला माझी कानडी ऐकू जाऊ नये म्हणून. त्याची लाज मला आजही वाटते.

मग 2022चा नोव्हेंबर आला. कर्नाटकाचे तेव्हाचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी सोलापूर-अक्कलकोटच्या कानडी भागावर हक्क सांगितला आणि चॅनेलांना एकदम आमची आठवण झाली. महाराष्ट्र की कर्नाटक, रोज तीच चर्चा. अव्वा काय बोलते, कोणत्या गोष्टी सांगते, यात कुणालाच रस नव्हता. आमची जमीन दोघांना हवी होती. आमच्या बोलण्याची मागणी कुणीच केली नाही.

आमच्यासारख्यांना जागा देणं जमत नाही, असं मात्र म्हणू नका. व्यंकटेश माडगूळकरांनी 1955 साली 'बनगरवाडी'त माणदेश आणला. 2016मध्ये 'सैराट' आमच्याच जिल्ह्यातल्या करमाळ्याची बोली घेऊन आला आणि अख्ख्या महाराष्ट्रानं ती डोक्यावर घेतली. एक पुस्तक, एक पडदा. दोघांनीही बोलीची टिंगल केली नाही. आणि सोलापूरच्या जयदेवीताई लिगाडे? त्यांनी कानडीत आणि मराठीत दोन्हीकडे लिहिलं. 1974मध्ये मंड्याच्या कन्नड साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष झाल्या, त्या मानाच्या पहिल्या महिला. घरापासून चाळीसेक किलोमीटरवरच्या या बाईंचं नाव मला कळलं ते पंचविशीनंतर.

कुणी म्हणेल, सगळेच असं मिसळून बोलायला लागले तर मराठीचं काय होईल? अहो, अण्णा आणि अक्का कुठून आले? जेवताना वाढता ते तूप कुठून आलं? पंढरपूर आमच्याच जिल्ह्यात आहे, आणि तिथल्या विठ्ठलाला ज्ञानेश्वरांनी कानडा म्हटलंय. त्यानं मराठी बुडाली नाही. माझ्या 'चहा झाली'नंही बुडणार नाही.

अव्वा आता 80च्या पुढे गेलीय. 1972च्या दुष्काळात ती खडी फोडायला जायची. ती गोष्ट ती मराठीत सुरू करते आणि मधेच कानडीत जाते. सुकडी मिळायची, हे मराठीत. तान्ह्या पोराला झाडाखाली निजवून हातोडा उचलायची, हे कानडीत. दुखरी वाक्यं तिच्या कानडीतच येतात. 'शुद्ध' मराठीत लिहायला बसलो तर नेमकी तीच गळून पडतील.

म्हणून गेल्या दिवाळीपासून मी मोबाइलचा रेकॉर्डर चालू करून तिच्याशेजारी बसतो. हो, तोच मोबाइल, जो पाहुणे बाजूला ठेवायला सांगायचे. आतापर्यंत अकरा रेकॉर्डिंग झालीत. काही शब्द मलाही कळत नाहीत, ते तिलाच विचारून वहीत लिहून ठेवतो.

तुमच्या घरातही अशी कुणी अव्वा, आज्जी, नानी असेल. तिची भाषा कुठल्याच पुस्तकात छापलेली नाही आणि कुठल्याच चॅनेलवर लागत नाही. आज रात्री तिच्याजवळ जाऊन बसा. पुस्तक की टीव्ही, यावर आपण नंतर निवांत भांडू.