श्वाननिद्रा आणि आपण

विद्यार्थ्याची पाच लक्षणे सांगणारे संस्कृत सुभाषित आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. त्यातले 'श्वाननिद्रा' हे लक्षण आमच्या वसतिगृहाने भलतेच मनावर घेतले आहे. परीक्षा पंधरा दिवसांवर आली की रात्री दोन-दोन वाजेपर्यंत दिवे जळतात, चहाचे थर्मास खोल्याखोल्यांतून फिरतात आणि 'मी काल तीनच तास झोपलो' हे वाक्य पदकासारखे मिरवले जाते. गंमत अशी की, कुत्र्याची झोप सावध असली, तरी दिवसभराच्या डुलक्यांची बेरीज केली तर तो माणसापेक्षा जास्तच झोपतो! सुभाषितकाराने सावधपणा शिकवला; आपण मात्र झोपेचा उपास धरला.

जागरणाच्या या कौतुकाला माझा स्पष्ट विरोध आहे. आपला समज असा की, झोप म्हणजे एकाच विणीचे कापड. हवे तेवढे कापावे, उरलेले पांघरावे. वस्तुस्थिती तशी नाही. १९५३ साली शिकागो विद्यापीठातील युजीन ॲसेरिन्स्की व नॅथॅनिएल क्लाइटमन यांनी झोपेतील एक निराळी अवस्था जगापुढे मांडली. तीत बंद पापण्यांआड बुबुळे भराभर हलतात आणि ठळक स्वप्ने पडतात. हिलाच 'रेम निद्रा' म्हणतात. हलकी झोप, गाढ झोप आणि रेम अशी आवर्तने सुमारे दीड-दीड तासाने रात्रभर चालतात. पण प्रत्येक आवर्तन सारखे नसते. रात्रीच्या पहिल्या प्रहरांत गाढ झोप अधिक, तर पहाटेकडे रेम अधिक.

असे का, याचा उलगडा झुरिकचे अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ मध्ये मांडलेल्या सिद्धांताने चांगला होतो. झोपेवर दोन सत्ता चालतात. एक, जागेपणी साचत जाणारी झोपेची ओढ; गाढ झोप मुख्यतः तिच्या हुकमात. दुसरी, मेंदूतील जैविक घड्याळ. उजेड-अंधारावरून ते आपली वेळ लावून घेते. रेम बरीचशी या घड्याळाची ताबेदार आहे आणि तिचा भर पहाटे, शरीराचे तापमान नीचांकाला पोचते त्या सुमारास असतो.

आता आपला हिशेब पाहा. दोनला झोपून सहाला उठणाऱ्याला गाढ झोप बहुतेक मिळते, पण रेमचा मोठा वाटा बुडतो. दहाला झोपून दोनला उठणारा 'पहाटेचा अभ्यासू' स्वतःला शहाणा समजतो. पण त्याचीही रात्र त्याच टोकाला कापली जाते. आणि रात्रभर जागून सकाळी सातला आडवा होणारा? त्याला गाढ झोप लागते खरी, पण घड्याळाने दिवस सुरू केलेला असल्याने तो चार-पाच तासांतच जागा होतो आणि दिवसभर डोके जड घेऊन फिरतो.

'परीक्षा संपल्यावर भरून काढू', असे कोणी म्हणेल. सॅन डिएगोचा रँडी गार्डनर हा शाळकरी मुलगा २६४ तास जागून जानेवारी १९६४ मध्ये झोपला, तेव्हा पहिल्या खेपेस तो साडेचौदा तासांच्या आसपास झोपला. गाढ झोप आणि रेम यांची वसुली शरीराने आधी केली. हलक्या झोपेचे बहुतेक तास बुडीत खातीच गेले. शिवाय परीक्षेनंतर फेडलेले कर्ज परीक्षेत काय कामाचे? वाचलेले मनात मुरते ते झोपेत. रात्रभर वाचून मुरायला वेळ न देणे म्हणजे लोणचे घालून त्याच दिवशी बरणी रिकामी करणे होय.

गुरुजनांपुढेही एक गोष्ट ठेवतो. वयात येताना हे घड्याळ उशिराकडे सरकते आणि विशीच्या सुमारास ते पुन्हा मागे फिरू लागते. सकाळच्या पहिल्या तासाला जांभई देणारा प्रत्येकजण आळशी नसतो. राहिलेला पाठ्यक्रम, जर्नले आणि चाचण्या यांची गर्दी शेवटच्या पंधरवड्यात झाली नाही, तर निम्मी जागरणे आपोआप टळतील.

आमच्यातले काहीजण दिवसा शेतावर वा दुकानात राबतात. त्यांच्या हाती रात्रच उरते. त्यांना 'लवकर झोपा' असे सांगणे क्रूरपणाचे आहे. त्यांच्यासाठी सुट्टीच्या दिवशी वाचनालय उघडे राहावे, हीच खरी मदत.

बाकीच्यांनी मात्र संध्याकाळनंतर चहा आवरावा, अंथरुणात मोबाईल नेऊ नये, उठण्याची वेळ रोज एकच ठेवावी आणि सकाळचे ऊन अंगावर घ्यावे. यंदा वसतिगृहात कोण किती जागला याची चढाओढ नको. मित्रहो, पेपराच्या आदल्या रात्री दिवा अकराला मालवणाऱ्यास भित्रा म्हणू नका. उद्याच्या पेपराची तयारी तोही करतोच आहे.