हरलो, पण आमच्याच नावाने!

सुरुवातीलाच एक कबुली देतो. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका वाचकांनी पोटात घालाव्यात. दुसरी कबुली याहून मोठी आहे, ती पुढे येईल.

माझं गाव देवगाव रंगारी, तालुका कन्नड. वेरूळची लेणी बघायला जगभरातून माणसं येतात, पण तिथून पुढे आमच्या गावाकडे कुणी वळत नाही! शाळेसाठी मी संभाजीनगरला मामाकडे राहिलो. दिवाळी आणि उन्हाळ्याची सुट्टी मात्र गावात. दिवसा मका नाहीतर कापूस, आणि संध्याकाळी व्हॉलीबॉल.

गावातल्या एका रिटायर्ड गुरुजींनी दहा ते सतरा वयाच्या पोरांचा क्लब चालवलाय. क्लब म्हणजे काय, तर दोन जुने लोखंडी पाइप, एक ठिगळं लावलेलं नेट, दोन बॉल आणि फक्कीची पिशवी. बोर्ड नाही, लेटरहेड नाही. बारावीनंतर सुट्टीत मी तिथे गुरुजींचा मदतनीस झालो.

गुरुजींचे नियम तीनच. पहिला, ज्याने ग्राउंड झाडलं आणि फक्की मारली तो आधी खेळणार, मग तो सरपंचांचा नातू असो नाहीतर सालगड्याचा मुलगा. दुसरा, मॅच कुठलीही असो, आलेल्या प्रत्येकाला निदान एक सेट मिळालाच पाहिजे. आणि तिसरा सगळ्यात अवघड. ब्लॉक करताना बॉल बोटाला लागून बाहेर गेला, तर ज्याच्या बोटाला लागला त्याने स्वतःच हात वर करायचा. रेफरीने बघितलं असो वा नसो!

मला आधी हे सगळं जरा बावळटपणाचं वाटायचं. पण विचार केला तर हा खेळच तसा आहे. १८९५ साली अमेरिकेत होलिओकच्या वायएमसीएमध्ये विल्यम मॉर्गन यांनी तो काढला, तो मुळात मध्यमवयीन माणसांना बास्केटबॉलची दमछाक झेपत नव्हती म्हणून. म्हणजे जन्मच ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी! शिवाय रोटेशन आहे. स्मॅश मारणाऱ्यालाही मागे जाऊन रिसीव्ह करावं लागतं आणि बुटक्यालाही नेटवर यावं लागतं. एकाच खेळाडूला लागोपाठ दोनदा बॉल मारता येत नाही. क्रिकेटमध्ये एकट्याने सेंच्युरी ठोकून मॅच काढता येते, इथे दुसऱ्याने बॉल उचलून दिल्याशिवाय स्मॅश बसतच नाही.

आता ती दुसरी कबुली. मागच्या उन्हाळ्यात शेजारच्या तालुक्यात १७ वर्षांखालच्या मुलांची स्पर्धा होती. एंट्रीला आधार कार्ड बघणार होते. आमचा सगळ्यात चांगला स्मॅशर वयाने चार महिने जास्त निघाला. त्याचा धाकटा भाऊ पंधरा वर्षांचा, चेहरेपट्टी अगदी सारखी. आयडिया माझीच होती. मी म्हणालो, "धाकट्याचं आधार दाखवू, कुणाला काय कळतंय? सगळेच करतात." पोरं एकदम खूश!

गुरुजी काहीच बोलले नाहीत. बोलला तो तेरा वर्षांचा एक बारका पोरगा, आमच्या टीममधला बारावा. "दादा, मग टच झाल्यावर हात वर करायचा का नाही?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. इंजिनिअरिंगची दोन वर्षं झाली, व्हायव्हात एवढा कधी गप्प बसलो नव्हतो.

आम्ही त्याच्याशिवाय गेलो. म्हणजे तो आला, पण पाण्याच्या बाटल्या आणि बॉलची जाळी घेऊन. पहिल्याच राउंडला सरळ दोन सेटमध्ये हरलो, २५-११ आणि २५-१४. त्या बारक्यालाही गुरुजींनी एक सेट दिला, त्यात त्याच्या तीन सर्व्हिस नेटमध्ये गेल्या. परत येताना काळी-पिवळीत कुणी बोलत नव्हतं. पुढच्या महिन्यात आमची दोन पोरं दुसऱ्या टीमला गेली, हेही खोटं कशाला सांगू?

म्हणजे तत्त्वाने वागलं की फळ मिळतं, असं गोड तात्पर्य माझ्याकडे नाही. क्लब जिंकला नाही तर पोरं टिकत नाहीत, हा आक्षेप खराच आहे. त्यात खेळाला आता भावही आहे. दहावी-बारावीला खेळाडूंना सवलतीचे गुण आहेत, राज्य सरकारच्या नोकऱ्यांत ५ टक्के आरक्षण आहे. शेतकऱ्याच्या पोराला हे मिळावं, यात वावगं काहीच नाही. पण याच आरक्षणावर बोगस क्रीडा प्रमाणपत्रं लावून नोकऱ्या मिळवल्याची प्रकरणं आपल्या राज्यात उघडकीस आली. ज्यांनी ती वापरली, त्यांची सुरुवातही कधीतरी "कुणाला काय कळतंय" इथूनच झाली असेल. आणि त्या एकेका जागेवर खरा खेळलेला कुणीतरी बाहेर राहिला. त्या दिवशी आम्ही खोटं आधार दाखवून जिंकलो असतो, तर समोरच्या टीमची बारा पोरं अशीच घरी गेली असती.

मित्रांनो, आता आपल्या हॉस्टेलकडे या. आपण कोण मोठे साधू लागून गेलो? प्रॉक्सी मारतो, काचेखाली बल्ब लावून जीटी मारतो, सबमिशनच्या आदल्या रात्री एकाच्या फाइलवरून वीस फाइली तयार होतात. आणि आपलं व्हॉलीबॉल ग्राउंड? फायनल इयरवाले खेळतात, फर्स्ट इयरवाले गटारातून बॉल काढून देतात. मीही दोन वर्षांपूर्वी काढलाय आणि यंदा बिनधास्त काढायला लावलाय.

ही मूल्यं वगैरे शब्द भाषणात जड वाटतात. मला तर वाटतं, क्लबची मूल्यं तीनच प्रश्नांत कळतात. ग्राउंड कोण झाडतो? बेंचवर कोण बसतो? आणि कुणी बघत नसताना हात कोण वर करतो? गावच्या क्लबला या तिन्हींची उत्तरं देता येतात. आपल्या हॉस्टेलला येतात का?

म्हणून एक प्रपोजल मांडतो. हॉस्टेलचा व्हॉलीबॉल क्लब करू या, गुरुजींच्याच तीन नियमांवर. जिमखान्याच्या सरांना विनंती, की दोन बॉल कपाटात कुलपात न ठेवता रोज साडेपाचला सही घेऊन द्यावेत. हरवले तर आम्ही वर्गणी काढून भरू. मुलींच्या हॉस्टेललाही वेळ वाटून द्यावी, नेट २.४३ मीटरवरून २.२४ वर आणायला दोन मिनिटं लागतात.

आणि हो, तो बारका पोरगा अजून रोज येतो. दिवाळीत गेलो तेव्हा फक्की तोच मारत होता. सर्व्हिस आता नेटच्या वरून जाते.

सोमवारी साडेपाचला झाडू घेऊन मी ग्राउंडवर असेन. थर्ड इयरचा असलो तरी!