सरासरीआडचे रॉचेस्टर

शहराची प्रकृती लोकसंख्येच्या आणि उत्पन्नाच्या आकड्यांवरून ओळखता येते, असा समज आहे. परंतु ते आकडे कोणत्या हद्दीच्या आत मोजले, हे न पाहता काढलेला निष्कर्ष फसवा ठरतो. अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर हे याचे बोलके उदाहरण होय.

१९५० च्या जनगणनेत या शहराची वस्ती ३ लाख ३२ हजार होती. २०२० मध्ये ती २ लाख ११ हजारांवर आली. यावरून हा सारा प्रदेशच ओस पडला असे वाटेल. प्रत्यक्षात, ज्या मन्रो काउंटीत हे शहर मोडते तिची लोकसंख्या याच सत्तर वर्षांत ४ लाख ८८ हजारांवरून ७ लाख ५९ हजारांवर गेली. शहर आटले आणि त्याभोवतीची उपनगरे साडेतीन पट झाली.

या अवनतीचे खापर सहसा कोडॅकच्या माथी फोडले जाते. जॉर्ज ईस्टमनच्या या कंपनीत १९८२ च्या सुमारास एकट्या रॉचेस्टर परिसरात साठ हजार लोक काम करीत. तिच्याच एका अभियंत्याने १९७५ साली डिजिटल कॅमेरा तयार केला होता; तरीही फिल्मच्या नफ्यात गुंतलेली कंपनी मागे पडली आणि जानेवारी २०१२ मध्ये तिने दिवाळखोरी जाहीर केली. हे सारे खरेच. परंतु १९८० सालीच शहराची वस्ती २ लाख ४२ हजारांवर उतरली होती. म्हणजे एकूण घटीपैकी सुमारे तीन चतुर्थांश घट कोडॅक ऐन भरात असतानाच झाली. पगार कोडॅकचा आणि घर उपनगरात, अशी ही विभागणी होती.

या विभागणीला वर्णाची किनार होती. दक्षिणेकडून आलेल्या कृष्णवर्णीयांना मोडकळीस आलेल्या मोजक्या वस्त्यांतच घरे मिळत आणि मोठ्या कारखान्यांची दारे त्यांना क्वचितच उघडत. जुलै १९६४ मध्ये तेथे दंगल उसळली व नॅशनल गार्डला पाचारण करावे लागले. पुढे १९७४ मध्ये डेट्रॉइटच्या मिलिकन विरुद्ध ब्रॅडली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, उपनगरी शाळांचा दोष सिद्ध झाल्याविना त्यांना शहराच्या शाळांशी जोडता येणार नाही, असा निर्णय दिला. त्यामुळे नगरपालिकेची हद्द ही देशभर शिक्षणाचीही भिंत होऊन बसली.

आज रॉचेस्टरमध्ये चौथ्या हिश्शाहून अधिक नागरिक दारिद्र्यरेषेखाली आहेत. बालकांत हे प्रमाण याहूनही मोठे आहे. ईस्टमनच्या देणग्यांनी समृद्ध झालेले रॉचेस्टर विद्यापीठ आणि त्याची रुग्णालये आता सर्वांत अधिक रोजगार देतात. परंतु शल्यविशारद आणि सफाई कामगार यांच्यामधली, कोडॅकने हजारो कुटुंबांना मिळवून दिलेली ती मधली पायरी मात्र अरुंद झाली आहे. संपूर्ण काउंटीची सरासरी काढली की हे सारे झाकले जाते.

तंत्रज्ञान बदलले की कारखाना बंद पडतो. ते रोखणे कोणत्याही नगरपालिकेच्या हाती नसते. हद्दींची गोष्ट वेगळी. त्या कायद्याने आखल्या गेल्या आहेत. उपनगरांचा महसूल आणि शाळा यांत शहराला वाटा द्यावयाचा की नाही, हा प्रश्न बाजारपेठेचा नसून विधिमंडळाचा आहे. तो टाळून केवळ नव्या उद्योगांची वाट पाहणे म्हणजे, उद्योग आले तरी त्यांची फळे पुन्हा हद्दीपलीकडे जाऊ देणे होय.