दुर्मिळ रोगांची मोजदाद हवीच

एखाद्या तालुक्यात वर्षाला चार हजार मुले जन्माला येतात असे धरा. रेटिनोब्लास्टोमा हा लहान मुलांच्या दृष्टिपटलाचा कर्करोग साधारणतः १६ ते १८ हजार जन्मांमागे एका मुलाला होतो. म्हणजे त्या तालुक्यात असा रोगी चार वर्षांतून एकदा आढळणार! एका उदाहरणावरून नियम काढता येत नाही, हे तुम्ही जाणताच. पण भारतात वर्षाला सुमारे सव्वादोन कोटी मुले जन्मतात. आता भागाकार करून पाहा. उत्तर तेराशेच्या आसपास येईल. तालुक्यात अपवाद वाटणारा रोग देशाच्या हिशेबात अपवाद राहत नाही. मात्र ही सारी मुले एकाच नोंदवहीत आली पाहिजेत.

मोठ्या रुग्णालयांत नोंदी असतातच, मग आणखी कशाला, असे कोणी विचारील. रुग्णालय आपल्या दारी आलेल्यांनाच मोजते. जे मूल तेथवर पोचलेच नाही, ते त्या हिशेबात कोठून येणार? अशा आकड्यांवरून देशाचे चित्र रेखाटणे म्हणजे वर्गातील हजर मुलांवरून गावातील साक्षरता ठरवण्यासारखे आहे.

ब्रिटनमध्ये मुलांच्या कर्करोगाची राष्ट्रीय नोंद १९६२ पासूनची आहे. जर्मनीत माइन्त्स येथे असे काम १९८० मध्ये सुरू झाले. १९६० ते ७० या दशकाच्या अखेरीस ब्रिटनमधील अशा दहा मुलांपैकी तीनही मुले पाच वर्षे जगत नसत. आता आठांहून अधिक जगतात. हे यश उपचारांचे खरे. पण ते सगळ्या मुलांपर्यंत पोचले, हे नोंदवहीमुळेच सिद्ध झाले.

आपल्याकडेही पाया घातलेला आहे. मुंबईत १९६३ मध्ये इंडियन कॅन्सर सोसायटीने कर्करोग नोंदणी सुरू केली. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने १९८१ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम आखला. १९८७ मध्ये बार्शी येथे देशातील पहिली ग्रामीण नोंदणी सुरू झाली. तेथील कार्यकर्ते खेडोपाडी जाऊन माहिती घेत. परंतु अशा नोंदण्या आजही देशाच्या थोड्याच लोकसंख्येपर्यंत पोचतात.

म्हणून आमचे म्हणणे असे, की मुलाला कर्करोग झाल्याचे निदान होताच ते कळवणे देशभर प्रत्येक रुग्णालयाला बंधनकारक असावे. नुसते नाव टिपून भागणार नाही. मूल उपचार पुरे करते की अर्ध्यावर सोडून घरी परतते, याचाही माग ठेवावा. रोग्याचे नाव अर्थातच गुप्त राहिले पाहिजे. अभ्यासकाला आकडे पुरतात.

हा पैसा औषधांवर खर्चावा, असा आक्षेप येईल. पण औषध कोठे कमी पडते, हे कसे कळणार? रेटिनोब्लास्टोमा लवकर ओळखला तर जीव वाचतो, पुष्कळदा डोळाही वाचतो. बाळाच्या बाहुलीत, विशेषतः छायाचित्रात, पांढरी चमक दिसणे ही त्याची एक खूण आहे. प्रत्येक चमक कर्करोगाची नसते, तरी डॉक्टरांना ताबडतोब दाखवावे. ही साधी गोष्ट कोणत्या जिल्ह्यात पोचलेली नाही, तेथील मुले उशिरा का येतात, हे नोंदवहीच सांगू शकेल. ज्या मुलाची नोंदच नाही, त्याच्यासाठी योजना कोण आखणार?