विश्लेषण : विकास प्रकल्पांचे व्यवस्थापन नेमके शिकवायचे कोणाला?

अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी २० जानेवारी २०२५ रोजी परदेशी मदत ९० दिवसांसाठी रोखली. मार्चमध्ये परराष्ट्रमंत्री मार्को रुबिओ यांनी ‘यूएसएड’चे ८३ टक्के कार्यक्रम, म्हणजे सुमारे ५,२०० कंत्राटे रद्द केल्याचे जाहीर केले. १ जुलैपासून या यंत्रणेचे उरलेसुरले काम परराष्ट्र खात्याकडे गेले. जगभरातील स्वयंसेवी संस्थांना आता कमी पैशांत तेच काम करायचे आहे. त्यासाठी प्रकल्प नीट चालवता येणे आवश्यक. पण निधी आटला की सर्वात आधी कात्री लागते ती प्रशिक्षणाला. ती लागू नये हे खरेच. मात्र आज जे शिकवले जाते, तेही जसेच्या तसे टिकवण्यासारखे नाही.

हे प्रशिक्षण म्हणजे काय?

पाणी, आरोग्य, शेती, शिक्षण, आपत्ती निवारण अशा क्षेत्रांत काम करणाऱ्यांना प्रकल्प आखणे, वेळापत्रक व अंदाजपत्रक बांधणे, जोखीम ओळखणे, देखरेख आणि मूल्यमापन करणे शिकवले जाते. कंपन्यांच्या जगात यासाठी १९६९ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या ‘प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट’चा दबदबा आहे. विकास क्षेत्रासाठी ‘पीएमफॉरएनजीओज’ या संस्थेने ‘पीएमडी प्रो’ हे वेगळे प्रमाणपत्र सुरू केले. पुण्यात कार्यालय असलेली ‘रेडआर इंडिया’ आपत्तीत काम करणाऱ्यांना प्रशिक्षण देते. केंद्र सरकारच्या १९६४ पासून सुरू असलेल्या ‘आयटेक’ कार्यक्रमातून विकसनशील देशांचे अधिकारी भारतात शिकायला येतात.

‘लॉगफ्रेम’ एवढी महत्त्वाची का?

या प्रशिक्षणाच्या केंद्रस्थानी असते लॉगफ्रेम, म्हणजे प्रकल्पाची तार्किक चौकट. तीही १९६९ मधलीच आणि ‘यूएसएड’साठीच तयार झालेली. चार ओळी, चार रकाने. ओळींत खालून वर कृती, निष्पत्ती, उद्देश आणि अंतिम ध्येय. रकान्यांत या प्रत्येकाचे वर्णन, तो मोजण्याचे निर्देशक, पुराव्याचा स्रोत आणि शेवटी गृहीतके.

उदाहरणार्थ, विहीर खोदणे ही कृती. पाणी असलेली विहीर ही निष्पत्ती. घराघरात पुरेसे पाणी पोहोचणे हा उद्देश. आजार कमी होणे हे ध्येय. विहीर सर्वांना खुली राहील, पाणी पिण्यायोग्य असेल, ही गृहीतके. चौकट मुळात चांगली आहे. ती ‘आपण हे का करतोय?’ असे विचारायला लावते. अडचण वापरात आहे. निर्देशकांचा रकाना काटेकोर भरला जातो, कारण देणगीदार तोच वाचतो. गृहीतकांच्या रकान्यात मात्र ‘लोकसहभाग मिळेल’ एवढे लिहून पुढे जाण्याची सवय लागते.

चौकट भरूनही प्रकल्प का फसतो?

दक्षिण आफ्रिकेतला ‘प्लेपंप’ हे बोलके उदाहरण. मुलांनी गोल फिरणाऱ्या पाळण्यावर खेळायचे आणि त्या फिरण्याने जमिनीतले पाणी वरच्या टाकीत चढायचे, अशी ही कल्पना. २००६ मध्ये अमेरिकी सरकार आणि खासगी संस्थांनी मिळून १ कोटी ६४ लाख डॉलर जाहीर केले. २०१० पर्यंत ४,००० पंप बसवण्याचे लक्ष्य ठरले. पण एका पंपावर सांगितले गेले तितक्या लोकांची तहान भागवायची, तर मुलांना दिवसाला २७ तास खेळावे लागेल, असा हिशेब ब्रिटनच्या ‘गार्डियन’ने मांडला. मुले नसताना बायकांनाच तो जड पाळणा ढकलावा लागे. बिघडला तर गावात दुरुस्ती होत नसे. पुढे या मोहिमेच्या मुख्य पाठीराख्यांनीच ती थांबवली.

इथे कामाचा वेग, पैसा किंवा प्रसिद्धी कमी नव्हती. ‘मुले रोज, पुरेसा वेळ खेळतील’ हे गृहीतक कोणी तपासले नाही. पंप किती बसले हे मोजणे सोपे होते. हंडा कोण भरणार, हे विचारायचे राहिले.

किल्लारीचा धडा कोणता?

३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर जागतिक बँकेच्या मदतीने लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मोठा पुनर्वसन कार्यक्रम राबवला गेला. सर्वाधिक हानी झालेली ५२ गावे नव्या जागी हलवण्यात आली. जमीनधारणेनुसार २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची घरे मिळाली. घरे मजबूत होती. पण सरळ रेषेतल्या, पसरलेल्या वसाहतींत जुन्या गावाची आळी, वाडा, गोठा यांची घडी मोडली, अशी टीका अभ्यासकांनी केली.

जिथे नुकसान तुलनेने कमी होते, तिथे घरमालकांनी सरकारी हप्ते घेऊन स्वतःच दुरुस्ती आणि बांधकाम करायचे ठरले. या गावांत ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या साथीने गावातल्याच महिला ‘संवाद सहायक’ झाल्या. योजनेत काय मिळते, भूकंपरोधक बांधकाम कसे ओळखायचे, हे त्यांनी मराठीत शिकून घेतले आणि घरोघरी सांगितले. २००१ च्या भुज भूकंपानंतर या भागातल्या महिला आपला अनुभव सांगायला गुजरातलाही गेल्या. प्रकल्प व्यवस्थापनाचे याहून अस्सल प्रशिक्षण दुसरे कोणते? त्यांच्या हाती प्रमाणपत्र नव्हते, पण चुकीचे काम थांबवण्याइतकी माहिती होती.

आज हा प्रश्न महाराष्ट्रात का महत्त्वाचा?

कंपनी कायदा २०१३ नुसार मोठ्या कंपन्यांना सरासरी निव्वळ नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. २०२१ पासून मोठ्या प्रकल्पांना परिणाम मूल्यमापनही बंधनकारक झाले. दुसरीकडे, परदेशी देणग्यांच्या कायद्यातील २०२० च्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आणली. म्हणजे अहवालांची मागणी वाढली आणि संस्थेची घडी बसवण्यासाठीचा पैसा आक्रसला.

परिणामी मुंबई-पुण्यातला समन्वयक प्रमाणपत्र मिळवतो, इंग्रजीत लॉगफ्रेम लिहितो. गडचिरोली किंवा नंदुरबारमधल्या कार्यकर्तीच्या वाट्याला येते ती मोबाइलवर भरायची माहिती आणि जिओ-टॅग केलेले फोटो. हे आकडे कशासाठी, हे तिला कोणी सांगत नाही. गृहीतक कोसळल्याचे सर्वात आधी तिलाच कळते. पण ते नोंदवायला तिच्या फॉर्ममध्ये रकानाच नसतो.

मग काय बदलायला हवे?

देणगीदारांनी हिशेब मागू नये, असे नाही. पैसा करदात्यांचा किंवा भागधारकांचा असतो. जाब विचारलाच पाहिजे. पण तीन गोष्टी तातडीने व्हायला हव्यात. पहिली, प्रशिक्षण कार्यकर्त्यांपर्यंत त्यांच्या भाषेत जावे. मराठीबरोबरच गोंडी, भिलीतही. दुसरी, गृहीतकांचा रकाना दर तिमाहीला गावात बसून तपासला जावा आणि त्यातून आलेला बदल देणगीदाराने अपयश न मानता मान्य करावा. तिसरी, प्रशिक्षणाचा खर्च प्रकल्पाचाच भाग म्हणून अंदाजपत्रकात वेगळा दाखवावा.

परदेशी मदतीचा ओघ पूर्वीसारखा राहण्याची शाश्वती आता नाही. अशा वेळी निधीबरोबर संपणारे कौशल्य संस्थांच्या उपयोगाचे नाही. कार्यालयातला प्रशिक्षित समन्वयक उद्या दुसऱ्या संस्थेत जाईल. गावातली संवाद सहायक गावातच राहते. प्रशिक्षणाचा मर्यादित पैसा आधी तिच्यावर खर्च व्हायला हवा.